बेसमेंटमध्ये शिरणारं पाणी नेमकं कुठलं?

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या वार्षिक सभेत बेसमेंटच्या पाण्याचा विषय निघाला की दहा मिनिटांत चर्चा वॉटरप्रूफिंगच्या कोटेशनवर येते. तीन ठेकेदारांचे तीन दर, त्यातला मधला मंजूर, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाणी आणि पुन्हा सभा. दर वेळी ठेकेदार लबाडच असतो असं नाही. भिंतीचा पाझर त्याने खरोखर थांबवलेला असतो. यंदाचं पाणी मात्र रॅम्पवरून उतरलेलं असतं, किंवा गटाराच्या पाइपातून उलटं वर आलेलं असतं. बेसमेंट बुडण्याच्या वाटा निरनिराळ्या आहेत आणि एकीवरचा इलाज दुसरीला लागू पडत नाही. त्यातही ज्या वाटेने सर्वांत कमी पाणी येतं, तिच्यावरच आपण सर्वांत जास्त पैसे घालतो.

जमिनीखाली साठवण करणं आपल्याला नवं नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला पेवांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हळद ठेवली जात असे. कृष्णाकाठी असूनही ही पेवं टिकली होती. २००५च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं, हळद खराब झाली आणि त्यानंतर पेवांचा वापर झपाट्याने ओसरला. शहरांतली बेसमेंटं मात्र त्याच काळात वाढत गेली. पार्किंगसाठी खाली खोदलेली जागा सहसा चटईक्षेत्रात मोजली जात नाही आणि गाड्या तर वाढतच आहेत. त्यामुळे आधी एक, मग दोन आणि आता तीन-तीन मजले जमिनीखाली जातात. गाड्यांच्या शेजारी बहुतेक ठिकाणी पाण्याचे पंप, विजेचे मीटर, जनरेटर, सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा आणि पिण्याच्या पाण्याची टाकीही असते. म्हणजे बेसमेंट बुडालं की विसाव्या मजल्यावर राहणाऱ्याचीही गैरसोय ठरलेली.

पाझर सर्वांना दिसतो, म्हणून आधी तोच घेऊ. पुण्याखालचा बेसाल्ट अंगात फारसं पाणी धरत नाही, पण त्याच्या भेगांतून आणि दोन लाव्हाथरांमधल्या सांध्यातून पाणी वाहतं. खोदकामात या भेगा उघड्या पडतात. त्यात पुन्हा बेसमेंटची भिंत आणि खोदलेला खडक यांच्यामधली फट बहुतेक वेळा राड्यारोड्याने भरलेली असते. पाऊस त्या सैल भरावात उतरतो, खाली घट्ट खडक असल्यामुळे जिरत नाही आणि भिंतीभोवती साचून राहतो. त्याचा जोर किती असतो? फरशीच्या वर तीन मीटर उंचीपर्यंत पाणी बाहेर उभं असेल, तर ते फरशीला दर चौरस मीटरला तीन टन इतक्या बळाने खालून वर ढकलतं. पंधरा सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटचं तेवढ्याच जागेतलं वजन ३६० किलोच्या आसपास भरतं. एवढ्या दाबापुढे आतल्या बाजूने रंगासारखं फासलेलं रसायन काय टिकणार? एक-दोन पावसाळ्यांत त्याचे पोपडे निघतात.

खरं वॉटरप्रूफिंग इमारत बांधतानाच होतं आणि ते बाहेरच्या बाजूने होतं. पायाच्या राफ्टच्या खाली आणि भिंतींच्या बाहेर खडबडीत शहाबादी फरशी सिमेंटच्या मालात बसवून केलेली बॉक्स पद्धत आपल्याकडे अनेक वर्षं चालत आली आहे. आता तिच्या जोडीला किंवा तिच्याऐवजी पडद्यासारखे थर आणि काँक्रीटमध्येच मिसळायची रसायनं आली. काँक्रीटच्या दोन ओतकामांमधल्या सांध्यात रबराची किंवा पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी नीट बसली आहे की नाही, यावर निम्मं यश अवलंबून असतं. ते काम एकदा गाडलं गेलं की पाहता येत नाही. राहायला आल्यानंतर हातात उरतं ते गळणाऱ्या सांध्यांत भोकं पाडून दाबाने ग्राउट भरणं. ते उपयोगी आहे, पण पाणी बरेचदा दोन मीटर पलीकडे नवी वाट शोधतं. माझं मत विचाराल तर तिसऱ्यांदा वॉटरप्रूफिंग करण्यापेक्षा पाझर मान्य करावा, भिंतीच्या कडेने चर काढावी, पाणी एका खड्ड्यात गोळा करावं आणि पंपाने उपसावं. दिसायला हे बरं नाही. पण भिंतीवरचा दाबही त्याने थोडा उतरतो आणि खर्चाचा हिशोब लागतो.

या खड्ड्यातल्या पंपाबद्दलही थोडं सांगायला हवं. एक पंप म्हणजे एकही पंप नाही, असं समजून दोन बसवावेत, दोन्हींना स्वतंत्र फ्लोट स्विच असावेत. मे महिन्यात खड्ड्यात बादल्या ओतून ते आपोआप सुरू होतात का हे पाहावं. वर्षभर न फिरलेला पंप पहिल्या पावसात जाम झालेला सापडणं ही रोजची गोष्ट आहे. जनरेटर वर, बेसमेंटच्या बाहेर हवा. उपसलेलं पाणी नेणारा पाइप रस्त्याच्या पातळीच्या वर नेऊन मग खाली वळवावा आणि त्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व असावा, नाहीतर पंप बंद पडताच तेच पाणी परत येतं. न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी मंडळींना हे सगळं पाठ असतं. तिकडे घराखाली बेसमेंट असणं नेहमीचंच आहे, आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा दुसरा पंप अनेक घरांत सापडतो.

पण पंप कितीही चांगला असला तरी रॅम्पवरून येणाऱ्या पाण्यापुढे तो हतबल असतो, आणि सोसायट्यांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. आकडेमोड करून पाहू. रॅम्प सहा मीटर रुंद आणि पंचवीस मीटर लांब धरला आणि त्यावर तासाला १०० मिलिमीटर पाऊस कोसळतोय असं मानलं, तर उघड्या रॅम्पवर पडणारं पाणी होतं सेकंदाला साधारण चार लिटर. रॅम्पच्या तळाशी जाळीची आडवी चर असेल तर तीन अश्वशक्तीचा पंप हे सहज पेलतो. आता रस्ता तुंबला आणि रॅम्पच्या माथ्यावरून अवघं दहा सेंटीमीटर खोल पाणी आत सरकू लागलं असं धरा. ते होतं सेकंदाला तीनशेहून अधिक लिटर. तसे तीसेक पंप लागतील. पाणी तीस सेंटीमीटर झालं, म्हणजे माणसाच्या गुडघ्याच्याही खालीच राहिलं, तर आत येणारा ओघ सेकंदाला सोळाशे लिटरच्या पुढे जातो. पन्नास मीटर लांब, चाळीस मीटर रुंद बेसमेंटमध्ये फूटभर पाणी साचायला सहा लाख लिटर लागतात, म्हणजे दहा हजार लिटरचे साठ टँकर. या ओघाने ते सहा मिनिटांत साचतं.

म्हणून रॅम्पवर सर्वांत मोलाची वस्तू आहे माथ्यावरचा उंचवटा. बाहेरच्या रस्त्यावरून गाडी आधी थोडी वर चढली पाहिजे आणि मग खाली उतरली पाहिजे. पृष्ठभागावरचं पाणी बेसमेंटमध्ये शिरणार नाही अशी व्यवस्था हवी, असं आपल्या बांधकाम नियमावल्याही सांगतात. सिंगापूरमध्ये जून २०१० मध्ये ऑर्चर्ड रोडवर पाणी चढून लकी प्लाझाचं तळघर बुडालं. त्यानंतर तिथे भूमिगत जागांच्या प्रवेशाचा उंबरठा किती उंच हवा याचे नियम अधिक कडक झाले, आणि जिथे उंची वाढवणं शक्य नाही तिथे अडसर बसवले गेले. आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. इमारत पूर्ण होते तेव्हा उंचवटा असतो. नंतरच्या वर्षांत रस्त्यावर डांबराचे थर चढतात, मग काँक्रिटीकरण होतं, आणि रस्ता हळूहळू वर येतो. इमारत तिथेच राहते. पंधरा वर्षांपूर्वी कोरडं राहणारं बेसमेंट आज का बुडतं, याचं उत्तर ढगांत शोधण्याआधी फाटकासमोर लेव्हल लावून बघावं. रस्त्याचं काम निघालं की नव्या पातळीबद्दल वॉर्ड ऑफिसला लेखी विचारणं हे सोसायटीच्या सचिवाचं सर्वांत स्वस्त पूरनियंत्रण आहे.

उंचवटा वाढवायला जागा नसेल तर अडसर. वाळूची पोती गळतात, वेळ खातात, आणि भर पावसात ती भरायला माणसं मिळत नाहीत. त्यापेक्षा रॅम्पच्या दोन्ही बाजूंना कायमच्या खाचा करून त्यात रबरी कडा असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या फळ्या एकावर एक सरकवायची पद्धत चांगली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपल्यावर बर्गे घालतात, तेच तत्त्व इथे पावसाळ्यात वापरायचं. यातली मेख अर्थातच माणसाची आहे. फळ्या कुठे ठेवल्या आहेत, त्या घालायला किती मिनिटं लागतात, रात्रपाळीच्या वॉचमनला एकट्याला ते जमतं का, आणि फळ्या घातल्यावर बाहेरून येणाऱ्या गाडीवाल्याशी हुज्जत कोण घालणार, हे ठरलेलं नसेल तर लाखभराची खरेदी पंपरूममध्ये धूळ खात पडते. आणि रॅम्प अडवून झाला तरी वायुवीजनाचे झरोके, जिन्याचं दार, केबल आत येतात ती भोकं हे सगळं त्याच उंचीपर्यंत बंद हवं.

तिसरी वाट उलट्या प्रवाहाची, आणि ती फारशी कुणाच्या ध्यानात नसते. मुंबईचे जुने पर्जन्यजलवाहिन्यांचे नाले तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले. ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाने हे लक्ष्य ५० मिलिमीटरवर नेलं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा या दोन्ही आकड्यांना अर्थ उरला नव्हता. पण तेवढा पाऊस नसतानाही भरतीच्या वेळी समुद्र नाल्यांची तोंडं दाबून धरतो आणि पाणी मागे फुगतं. महापालिका दर वर्षी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करते, त्या याचसाठी. अशा वेळी बेसमेंटच्या जाळीतून, न्हाणीच्या मोरीतून किंवा चेंबरमधून पाणी वर येतं. फाटकावर पाण्याचा थेंब नसतानाही खाली घोटाभर पाणी दिसतं ते यामुळे. इलाज तसा साधा आहे. रस्त्यावरच्या गटाराला जोडणाऱ्या प्रत्येक वाहिनीवर एकाच दिशेने उघडणारी झडप हवी आणि ती दर वर्षी उघडून साफ व्हायला हवी, कारण झडपेत अडकलेली एक प्लास्टिकची पिशवी तिला निकामी करते.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण जपानमधलं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये हागिबिस वादळात टोकियोला लागून असलेल्या कावासाकी शहरातल्या मुसाशी-कोसुगी भागात तामा नदीचं पाणी पर्जन्यवाहिन्यांतून उलटं आलं. तिथल्या ४७ मजली निवासी मनोऱ्याच्या तळघरातली विजेची यंत्रणा बुडाली. वरचं एकही घर भिजलं नव्हतं. तरीही लिफ्ट बंद, पंप बंद, नळाला पाणी नाही, संडास वापरता येत नाहीत, आणि लोक दिवसचे दिवस अंधाऱ्या जिन्याने चढउतार करत राहिले. पुढच्या वर्षी जपान सरकारने इमारतींतली वीजयंत्रणा पुरापासून कशी वाचवावी याची मार्गदर्शिकाच काढली. आज परळ-वरळीपासून बाणेर-वाकडपर्यंत उंच मनोरे उभे आहेत. त्यांच्यातल्या रहिवाशांनी आपला मुख्य वीजपॅनेल कोणत्या पातळीवर आहे एवढं जरी एकदा खाली जाऊन पाहिलं, तरी पुढची चर्चा शहाण्यासारखी होईल.

विजेबाबत मी कसलीही तडजोड मानत नाही. मीटर, पॅनेल आणि जनरेटर तळघरात असतील तर वॉटरप्रूफिंगसाठी जमवलेला पैसा आधी ते वर हलवण्यावर घालावा. शक्य नसेल तर निदान उंच चौथऱ्यावर घ्यावेत, आणि तळघराचा पुरवठा वरून तोडता येईल असा स्वतंत्र स्विच तळमजल्यावर हवा. पुण्यात २५ जुलै २०२४ च्या पावसात डेक्कनजवळच्या पुलाची वाडी इथे हातगाडी हलवताना तिघांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. ती जागा बेसमेंट नव्हती, उघडी होती. बंद, अंधाऱ्या, पाणी भरलेल्या जागेत धोका किती वाढतो हे सांगायला नको. आता खाली इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जरही लागले आहेत. ते वरच्या पातळीवर असावेत, आणि खाऱ्या पाण्यात बुडालेली बॅटरी नंतर कित्येक दिवसांनीही पेट घेऊ शकते, म्हणून अशी गाडी इमारतीपासून दूर उघड्यावर उभी करावी. २०२२च्या इयन वादळानंतर फ्लोरिडात हे घडलं आहे.

नदीचा पूर हा चौथा प्रकार, आणि इथे वरचं बरंचसं शहाणपण उलटं होतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. एवढं पाणी बाहेर उभं असताना रॅम्पवर बर्गे घालून तळघर कोरडं ठेवण्याचा अट्टहास केला तर बाहेरचा दाब भिंत आत ढकलतो किंवा फरशी उचलतो. अशा वेळी तळघर रिकामं करावं, वीज तोडावी आणि पाणी आत येऊ द्यावं. आतबाहेरचा दाब सारखा झाला की इमारत सुरक्षित राहते. कृष्णेचा पूर बहुतेक वेळा दिवसांची सूचना देऊन येतो, त्यामुळे हे करायला वेळ मिळतो. पुण्यात तसं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने काही तासांत हाहाकार केला, वीसहून अधिक माणसं गेली. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेत असताना शिरलं. आपल्या जलसंपदा खात्याच्या हिशेबात निळी पूररेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. घर घेताना फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे ते सगळे विचारतात. इमारतीचं तळघर या दोन रेषांच्या तुलनेत कुठे आहे, हे विचारणारा ग्राहक मला क्वचितच भेटला आहे.

माणसं मात्र पाण्याच्या प्रकारामुळे कमी आणि खाली असण्यामुळे जास्त मरतात. सप्टेंबर २०२२ मध्ये दक्षिण कोरियातल्या पोहांगमध्ये हिन्नामनोर वादळाच्या पावसात एका वसाहतीतले रहिवासी पहाटे भूमिगत पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढायला उतरले. शेजारचा ओढा काठ ओलांडून आला आणि सात जण गेले. छताजवळच्या पाइपांना धरून राहिलेले दोघे तेवढे वाचले. त्या गाड्या हलवण्याची सूचना व्यवस्थापनानेच ध्वनिक्षेपकावरून दिली होती. १ सप्टेंबर २०२१ च्या इडा वादळात न्यूयॉर्क शहरात तळघरांतल्या घरांमध्ये ११ माणसं बुडाली. दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरमध्ये २७ जुलै २०२४ ला तळघरातल्या अभ्यासिकेत तीन विद्यार्थी गेले. त्या तळघराला परवानगी पार्किंग आणि साठवणीचीच होती.

दाराचा हिशोबही कळून घ्यावा. नव्वद सेंटीमीटर रुंदीच्या दारामागे पन्नास सेंटीमीटर पाणी उभं असेल तर त्यावर ११० किलोंहून अधिक जोर येतो. पाणी मीटरभर झालं की साडेचारशे किलो. बाहेर उघडणारं दार मग एकट्या माणसाच्याने हलत नाही. जपानमध्ये क्योतो विद्यापीठाच्या आपत्ती संशोधन संस्थेत खऱ्या मापाचे जिने आणि दारं बांधून हे प्रयोग केले जातात आणि सामान्य नागरिकांना तो जोर अनुभवायला देतात. आपल्याकडे सोसायट्यांच्या अग्निशमन कवायती होतात, त्यात अर्धा तास यासाठीही काढता येईल. नियम एकच पुरेसा आहे: रस्त्यावर पाणी दिसलं की खाली कुणी जायचं नाही, आणि गाड्या हलवायच्याच असतील तर हवामान खात्याचा लाल इशारा आल्यावर, पाऊस सुरू होण्याआधी हलवायच्या. लिफ्ट वरच्या मजल्यांवर नेऊन बंद करायची. ड्रायव्हर आणि सफाई कामगार बेसमेंटच्या कोपऱ्यात झोपतात, हे अनेक सोसायट्यांत सर्वांना माहीत असतं आणि कागदावर कुठेच नसतं. त्यांना आधी वर आणायचं.

पाणी ओसरल्यावरची घाईही महागात पडते. बाहेरची जमीन अजून पाण्याने भरलेली असताना बेसमेंट एका रात्रीत उपसलं तर वर सांगितलेला तीन टनांचा हिशोब लागू होतो आणि भिंत तडकते. दिवसाला दोन-तीन फूट, मध्ये थांबून पातळी पुन्हा चढते का ते बघत उपसणं बरं. भूमिगत टाकीचं झाकण जमिनीला लागून असेल तर गटाराचं पाणी आत गेलंच असं धरून टाकी रिकामी करावी, घासावी आणि क्लोरीन घालून मगच भरावी. २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. त्यामुळे गाळ काढणाऱ्यांना गमबूट आणि हातमोजे दिल्याशिवाय खाली पाठवू नये. बुडालेली गाडी सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा, कारण इंजिनात पाणी असताना चावी फिरवल्याने झालेलं नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. घरासाठीच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पुराचं नुकसान येतं, पण सोसायटीचे पंप आणि पॅनेल हे सामाईक मालमत्ता म्हणून वेगळे विमित करावे लागतात.

नव्या इमारतीतल्या रहिवाशांकडे आणखी एक हत्यार आहे आणि त्याला मुदत आहे. रेरा कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष निदर्शनाला आणला तर तो बिल्डरने तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. बेसमेंटची गळती त्यात बसवता येते, पण पुरावा हवा. म्हणून पहिल्याच पावसाळ्यात, रंगकाम होण्याआधी, कुठल्या भिंतीतून, कुठल्या सांध्यातून, कुठल्या जाळीतून आणि रॅम्पच्या कुठल्या बाजूने पाणी आलं याचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत आणि पत्राची पोच घ्यावी. पाच पावसाळे लवकर सरतात, आणि त्यातला पहिला तर बहुतेक ठिकाणी सोसायटीची नोंदणी होण्याआधीच निघून जातो.